दुसरी फळी : कबड्डीच्या संघाची खरी ताकद कशी जोखावी

गावात कबड्डीचे सामने लागले की चावडीपाशी एकच चर्चा चालते. यंदा आपल्या संघात चढाईला कोण आहे, डाव्या कोपऱ्यात कोण उभा राहणार, समोरच्यांचा तो उंच गडी कोण धरणार? सगळी चर्चा त्या सात जणांची. जे पाच जण अंगणाबाहेर बसून राहतात त्यांची नावे क्वचितच कोणी घेतो. आणि तरीही पुष्कळ सामने, निदान पुष्कळ स्पर्धा, या पाच जणांवरच जिंकल्या किंवा हरल्या जातात. संघाच्या या दुसऱ्या फळीचा विचार आज आपण करणार आहोत. ती किती भक्कम आहे हे कसे ओळखावे आणि ती भक्कम कशी करावी, एवढाच आपला विषय.

मावळातल्या माणसाला ही गोष्ट शेतावरून चटकन कळेल. भाताची लावणी झाली की शेतकरी वाफ्यातली सगळीच रोपे संपवून टाकत नाही. थोडी राखून ठेवतो. आठ-दहा दिवसांनी काही ठिकाणी रोप मेलेले दिसते, तिथे ही राखलेली रोपे लावून तो नांगे भरतो. पण त्यात एक मख्खी आहे. नांग्यात लावायचे रोप त्याच वाणाचे आणि जवळपास त्याच वयाचे असावे लागते. शेतात इंद्रायणी आणि नांग्यात भलतेच काही, असे केले तर एक पीक आधी पिकते आणि दुसरे हिरवेच राहते. संघाचेही तसेच आहे. राखीव खेळाडू किती आहेत हा पहिला प्रश्न नव्हे. कोणती जागा रिकामी पडली तर ती कोण भरील, आणि त्या जागेचे काम त्याला येते का, हा पहिला प्रश्न.

आता कबड्डीच्या नियमांकडे पाहू. नेहमीच्या नियमाप्रमाणे संघ जास्तीत जास्त बारा जणांचा. सात अंगणात, पाच बाहेर. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. चढाई तीस सेकंदांची. खेळाडू बाद झाला की बाहेर जातो, आणि आपल्या संघाने गुण मिळवला की बाद झालेल्या क्रमाने एकेक जण परत येतो. आपले जुने लोक याला संजीवनी म्हणत. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाद झालेल्या गड्याच्या जागी राखीव गडी आणता येत नाही. बदली करायची ती खेळत असलेल्या खेळाडूची, तीही खेळ थांबलेला असताना.

याचा अर्थ काय? संघाला दोन प्रकारची राखीव ताकद लागते. एक बाकावरची. म्हणजे कोणी जायबंदी झाला, आजारी पडला किंवा दमला तर त्याच्या जागी येणारी. दुसरी अंगणातलीच. सातांपैकी चार बाद होऊन बाहेर बसले की उरलेल्या तिघांना सगळी कामे करावी लागतात. त्या तिघांत एकही चढाईचा गडी नसेल तर संघाला लोण चढणार हे उघड आहे, आणि लोणाचे दोन गुण समोरच्याला जादा मिळतात. उलट तीन किंवा कमी गडी असताना त्यांनी पकड केली तर तिला एकाऐवजी दोन गुण मिळतात. म्हणजे थोडक्या माणसांत दोन्ही कामे जाणणारा एखादा असला, तर पडता डावही सावरतो.

असा दोन कामांचा खेळाडू म्हणजे अष्टपैलू. तो चढाईही करतो आणि पकडीतही उभा राहतो. संघ जोखताना सर्वात अवघड जागा हीच. चढाईच्या गड्याला बदली शोधायची तर दुसरा चढाईचा गडी पाहिला की झाले. अष्टपैलू गड्याची बदली शोधायची म्हणजे एकाच्या जागी बहुधा दोघे पाहावे लागतात.

ही अडचण एकट्या कबड्डीचीच नाही. अमेरिकेत त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. नाव फुटबॉल असले तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. त्यात ‘टाइट एंड’ नावाची एक जागा आहे. हा गडी झुंजणाऱ्या रांगेच्या टोकाला उभा राहतो. कधी तो समोरच्या दांडग्या गड्याला अंगाने रेटून आपल्या माणसासाठी वाट मोकळी करतो, तर कधी स्वतःच धावत जाऊन चेंडू झेलतो. रेटायला ताकद हवी, झेलायला चपळाई आणि हात हवेत. दोन्ही एका देहात क्वचित सापडते. म्हणून तेथील व्यावसायिक संघ त्रेपन्न जणांच्या यादीत या एका जागेसाठी सहसा तीन-चार माणसे ठेवतात. एक दोन्ही कामांचा, एक मुख्यतः रेटणारा, एक मुख्यतः झेलणारा, आणि जमल्यास एक शिकाऊ. तेथील जाणकार संघाची पारख करताना विचारतात की पहिला माणूस पडला तर त्याची दोन कामे कोण वाटून घेणार. आपण कबड्डीत नेमका हाच प्रश्न विचारायचा आहे.

त्यासाठी उदाहरण आपल्या जवळचेच घेऊ. प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. पुणेरी पलटण हा त्या आठांतला एक. लोणावळ्याहून लोकल धरली तर तासा-दीड तासाच्या वाटेवर असलेले बालेवाडीचे क्रीडासंकुल हे पुण्यातल्या या सामन्यांचे ठिकाण. या संघाच्या अलीकडच्या चार हंगामांत दुसऱ्या फळीचा सगळा धडा सापडतो.

पहिले वर्ष २०२२. पुणे साखळीत दुसरे आले आणि थेट उपांत्य फेरीत गेले. पण ऐन वेळी चढाईचे दोन बिनीचे गडी, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत, दुखापतीमुळे बाहेर होते. उपांत्य सामन्यात पंकज मोहिते याने चढाईची धुरा उचलली आणि तमिळ संघाचा ३९-३७ असा निसटता पराभव झाला. अंतिम सामना १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरशी झाला. तेथे पुणे ३३-२९ असे हरले. अवघ्या चार गुणांचा फरक! यावरून काय समजावे? पुण्याला दुसरी फळी होती, पण ती एका माणसाइतकी होती. एक जागा भरून निघाली, दोन जागांना माणसे पुरली नाहीत. फळी आहे की नाही एवढेच विचारून भागत नाही, ती किती माणसे खोल आहे हे विचारावे लागते.

दुसरे वर्ष २०२३-२४. या हंगामाच्या लिलावात पुण्याने इराणचा मोहम्मदरझा शादलुई याला दोन कोटी पस्तीस लाख रुपयांना घेतले. तो डाव्या कोपऱ्याचा रक्षक, पण प्रसंगी चढाईलाही जाणारा. इकडे कर्णधार अस्लम हा चढाईचा गडी, पण पकडीतही हात घालणारा. दोन टोकांना दोन अष्टपैलू. मध्ये अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत हे मध्यरक्षक, उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. चढाईला मोहित गोयत आणि पंकज मोहिते होतेच, शिवाय नाशिकचा आकाश शिंदे. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी पुण्याने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि २ गमावले. हंगामात पकडीचे सर्वात जास्त गुण शादलुईचे झाले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुण्याने हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. आता गंमत पाहा. त्या सामन्यात पुण्याकडून सर्वाधिक ९ गुण कोणाचे? कर्णधाराचे नव्हेत, पंकज मोहितेचे! त्याने एकाच चढाईत चार गुण आणले. समोरच्यांचे सगळे लक्ष अस्लमवर, आणि घाव आला भलत्याच बाजूने. दुसऱ्या फळीचा हा फायदा आपण विसरतो. ती केवळ संकटकाळासाठी नसते. ती असली की पहिल्या फळीवरचा भारही हलका होतो.

तिसरे वर्ष २०२४. शादलुई पुढच्या लिलावात दोन कोटी सात लाखांना हरियाणाकडे गेला. त्यातच अस्लमचा गुडघा दुखावला आणि उरलेल्या हंगामाला तो मुकला. नावे मोजली तर पुण्याची यादी अजूनही लांबच होती. पण गेलेले दोघेही दोन-दोन कामांचे होते. माणसे दोन गेली, कामे चार रिकामी झाली. गतवर्षीचा विजेता संघ बारा संघांत पहिल्या सहांतही आला नाही. आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी विजेतेपद पटकावले ते शादलुई ज्यांच्याकडे गेला होता त्या हरियाणाने, पाटण्याला ३२-२३ असे हरवून. तेही बालेवाडीत, पुण्याच्याच अंगणात!

चौथे वर्ष २०२५. पुणे पुन्हा अंतिम फेरीत पोहोचले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या त्या सामन्यात दिल्लीने त्यांना ३१-२८ असे हरवले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पराभवापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची आहे. या वर्षी पुण्याच्या चढाईचा मोठा भार आदित्य शिंदे या तरुणाने वाहिला. हा मुलगा २०२४ च्या विजेत्या संघातही होता, पण तेव्हा मुख्यतः राखीव. म्हणजे संघाने नांगे भरायला बाहेरून रोप आणले नाही. आपल्याच वाफ्यात राखलेले लावले.

आता हे मोजायचे कसे, ते पाहू. व्यावसायिक संघाकडे चित्रफिती असतात, आकडे टिपणारी माणसे असतात. तुमच्याकडे शंभर पानी वही आणि एक चुणचुणीत मुलगा असला तरी काम होते. आपल्या लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधामाची स्थापना केली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की योगाभ्यासाचा शरीरावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत तपासून पाहावे, नुसत्या समजुतीवर विसंबू नये. आसनांना जो न्याय, तोच आपण खेळाला लावू.

वहीत प्रत्येक खेळाडूला एक पान द्या. चढाईच्या गड्यासाठी तीन रकाने आखा : गुण आणलेल्या चढाया, रिकाम्या चढाया, बाद झालेल्या चढाया. पकडीच्या गड्यासाठी दोन : केलेले प्रयत्न आणि साधलेल्या पकडी. नुसते गुण लिहू नका, प्रयत्नही लिहा. नुसत्या गुणांनी फसगत होते.

समजा, तुमच्या पहिल्या गड्याने स्पर्धेत ६० चढाया केल्या. २७ वेळा गुण आणले, १५ वेळा तो बाद झाला, १८ रिकाम्या गेल्या. राखीव मुलाला सगळ्या मिळून १२ चढाया मिळाल्या. ५ वेळा गुण, २ वेळा बाद, ५ रिकाम्या. गावकरी म्हणतील, कुठे २७ आणि कुठे ५! पण भागाकार करून पाहा. पहिल्याचे यश शंभरात ४५, राखीवाचे शंभरात सुमारे ४२. बाद होण्याचे प्रमाण पहिल्याचे शंभरात २५, राखीवाचे सुमारे १७. म्हणजे मुलगा तितका मागे नाही. फरक आहे तो संधीचा.

पण इथेच थांबू नका, कारण आकडाही कधी कधी चकवतो. बारा चढायांवरून निकाल देणे घाईचे होईल. शिवाय त्या बारा चढाया केव्हाच्या? आपण पंधरा गुणांनी पुढे, समोरचे दमलेले, सामना संपत आलेला, अशा वेळी मिळालेल्या असतील तर त्यांची किंमत कमी. म्हणून पानाच्या कडेला प्रत्येक वेळची धावसंख्या आणि अंगणात समोर किती गडी होते तेही टिपा. सहा किंवा सात रक्षक असताना बोनस रेषा ओलांडून गुण आणता येतो, पाच असताना तो मिळत नाही. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई ‘करो या मरो’ची. त्या चढाईत गुण आणला नाही तर गडी बाद. अशा चढाईला राखीव मुलगा कसा वागतो, यावर त्याची खरी पारख होते.

वही भरली की संघासाठी एक कोष्टक करा. सात जागा एकाखाली एक लिहा : डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन मध्यरक्षक, चढाईचे तिघे. प्रत्येक जागेसमोर पहिले नाव, दुसरे नाव, तिसरे नाव. एकच नाव दोन-तीन ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावर आले तर त्याखाली लाल रेघ मारा. हा मुलगा तुमच्या संघाचा कणा आहे, आणि तुमचा धोकाही तोच आहे, कारण एका वेळी तो एकाच जागी उभा राहील. मग एकेक पहिले नाव हाताने झाका आणि स्वतःला विचारा, आता संघ कसा दिसतो? नंतर दोन नावे एकदम झाका. २०२२ साली पुण्याची परीक्षा याच दुसऱ्या पायरीवर झाली होती.

एक जोडी मात्र विसरू नका. कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक हे बैलजोडीसारखे असतात. कोपऱ्याने घोटा धरला की मध्यरक्षकाने त्याच क्षणी पुढे यायचे. उशीर झाला तर चढाईचा गडी दोघांनाही घेऊन मध्यरेषा गाठतो. म्हणून राखीव कोपरारक्षक एकटा कितीही चांगला असला तरी नेहमीच्या मध्यरक्षकाबरोबर त्याचा सराव झालेला नसेल, तर त्याला अर्धाच धरा.

गावच्या संघाला यात व्यावसायिक संघापेक्षाही मोठी अडचण असते, ती समजून घेतली पाहिजे. पुण्याचा गडी जायबंदी झाला तरच बाहेर बसतो. मावळातला गडी कंपनीत दुसरी पाळी आली म्हणून सामन्याला येत नाही. कोणाच्या घरी लावणी, कोणाची परीक्षा, कोणाच्या बहिणीचे लग्न. तळेगाव, चाकणच्या कारखान्यांत काम करणारी मुले संघात असतील तर त्यांच्या पाळ्यांचा कागद कर्णधाराच्या खिशात असायला हवा. वजनी गटाच्या स्पर्धेत तर एखाद्याचे वजन किलोभर वाढले तरी तो बाद. तेव्हा गावाला दुसरी फळी ही चैन नाही, ती रोजची गरज आहे.

फळी नसली की काय होते, ते आपण सगळेच पाहतो. एक मुलगा चांगला निघाला की सगळे गाव त्याच्या खांद्यावर बसते. सकाळी एक सामना, रात्री दुसरा, दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात तिसरा. गुडघा सुजला तर पट्टी बांधून उतरवतात, कारण त्याच्या जागी उभे करायला कोणी नसते. गुडघ्यातला अस्थिबंध एकदा तुटला की खेळाडूचे वर्ष जाते, आणि वेळेवर उपचार झाला नाही तर खेळच जातो. मोठ्या संघाच्या खेळाडूपाशी डॉक्टर असतो, शस्त्रक्रियेचा खर्च करणारे मालक असतात. आपल्या मुलापाशी आई-बाप असतात आणि चार दिवसांवर आलेली कामाची पाळी असते. ज्या संघाला दुसरी फळी आहे, तोच आपल्या दुखऱ्या गड्याला ‘तू आज बस’ असे म्हणू शकतो. माझ्या मते दुसऱ्या फळीचे सर्वात मोठे कारण हेच आहे. जिंकणे-हरणे त्यानंतर.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. शाळेच्या संघात आपण बहुधा उंच, दांडगी सात मुले निवडतो. उरलेली पाच पाण्याच्या बाटल्या सांभाळतात, टाळ्या वाजवतात आणि वर्षअखेर खेळ सोडून देतात. पुढच्या वर्षी मोठी सात मुले शाळा सोडून जातात आणि संघ पुन्हा शून्यावर येतो. यावर उपाय खर्चाचा नाही. सरावात आठवड्यातून एक दिवस जागांची अदलाबदल करा. चढाईच्या मुलाला कोपऱ्यात उभा करा, कोपऱ्यातल्याला चढाईला पाठवा. पहिल्या संघातले चार आणि राखीव तीन असा मिसळलेला संघ करून खेळवा. कधी मुद्दाम तीनच गडी ठेवून सातांविरुद्ध डाव वाचवायला सांगा. आणि तालुक्याच्या स्पर्धेपूर्वीच्या प्रत्येक मैत्रीच्या सामन्यात राखीव मुलाला निदान पाच चढाया, त्याही सामना रंगात असताना द्या. हरलात तरी चालेल. वहीचे पान तरी भरेल. मुलींच्या संघालाही हेच सारे लागू आहे. तेथे तर बारा मुली जमवणेच काही गावांत कठीण जाते, म्हणून प्रत्येकीला दोन कामे येणे अधिकच अगत्याचे.

तेव्हा यंदा तुमच्या गावात, शाळेत संघ निवडायला बसाल तेव्हा आधी सात नावे लिहू नका. आधी सात जागा लिहा आणि प्रत्येक जागेपुढे दोन नावे भरायचा प्रयत्न करा. जिथे दुसरे नाव सुचणार नाही तिथे तुमचा नांगा आहे. तो भरायला पुढच्या जत्रेच्या सामन्यांपर्यंत वेळ आहे. बाकावर बसलेल्या त्या पाच जणांपैकी कोणाला तरी उद्याच्या सरावाला त्या जागेवर उभा करा.